गाडी सोळा लाखांची, दुखणी पंच्याहत्तर लाखांची

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक कराडजवळच्या एका गावातले, वय ४३. खतं-बियाण्यांचं दुकान, जोडीला थोडी शेती. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी दिल्लीच्या एका डीलरकडून जर्मन बनावटीची सात आसनी डिझेल एसयूव्ही घेतली. मॉडेल २०१५ चं, मीटरवर ७२,००० किलोमीटर, किंमत १६ लाख. नवी असताना हीच गाडी ७५ लाखांच्या घरात होती. ७ लाख साठवलेले, ९ लाखांचं कर्ज, चार वर्षं दरमहा २४,६०० चा हप्ता. डीलरचा व्हॉइस मेसेज होता: ‘एक रुपयाचं काम नाही.’ आणण्याचा खर्च, टॅक्स, महाराष्ट्र पासिंग आणि विमा धरून आकडा २० लाखांपुढे गेला. आता सकाळी उठून बघावं तर गाडी पुढून डाव्या अंगाला बसलेली असते. खाली फरशीवर तेलाचे डाग. पुण्याच्या वर्कशॉपने दिलेलं एस्टिमेट ६ लाख २० हजारांचं. मित्र म्हणतो, एवढे घातलेच आहेत, आणखी सहा घाल, मग पाच वर्षं बघायला नको. मेव्हणे म्हणतात, धुऊन-पुसून गुपचूप विकून टाका. पत्नीला एस्टिमेटबद्दल अजून सांगितलेलं नाही. प्रश्न तीन: मी फसलो का? दुरुस्त करू की विकू? आणि विकली तर गावात तोंड कसं दाखवू?

नमस्कार.

तुमच्या पत्रात गाडीची किंमत चार वेळा आली आहे, एस्टिमेटचा आकडा सहा वेळा. गाडी चालते किती, हे मात्र एकदाच, तेही कंसात: ‘महिन्याला फार तर ६००’. त्या कंसाकडे मी परत येणार आहे. पण आधी फसवणुकीचं बघू, कारण झोप त्याच प्रश्नाने उडालेली दिसते.

दहा वर्षांच्या गाडीतलं रबर चिरलं, सील गळायला लागलं, तर त्याला फसवणूक म्हणता येत नाही. त्या रबराचं वय झालं, एवढंच. दिल्लीचे दहा उन्हाळे आणि दहा हिवाळे खाल्लेलं रबर आहे ते. गाडी स्वस्त मिळाली त्यालाही उघड कारण होतं. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घालणारा हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई नको असं सांगितलं, पण तुम्ही व्यवहार केलात तेव्हा ती तलवार टांगलेलीच होती. नऊ-साडेनऊ वर्षांची डिझेल गाडी तिथल्या मालकाला जड होते आणि मग ती आपल्याकडची वाट धरते. डीलरने तुम्हाला हे समजावून सांगितलं नसेल, पण त्याने लपवलं असंही नाही. पेपरात रोज छापून येत होतं.

फसवणूक खरी असलीच तर ती मीटरमध्ये असेल, आणि तिथे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. दहा वर्षांत ७२,००० म्हणजे वर्षाला सात हजार. अशक्य नाही, पण ज्याने सात आसनी डिझेल गाडी घेतली तो माणूस इतकी कमी चालवेल का, हा प्रश्न पडायला हवा. चासी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागा. प्रत्येक सर्व्हिसला मीटर लिहिलेला असतो. २०१९ मध्ये ९०,००० आणि २०२५ मध्ये ७२,००० असं दिसलं तर विषय संपला. मधली तीन-चार वर्षं नोंदी गायब असतील तर संशय घ्या, निकाल देऊ नका. शिवाय यातल्या बऱ्याच गाड्यांत मीटरचा आकडा डॅशबोर्डखेरीज आणखी एक-दोन मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांत, साठत असतो, आणि मीटर मागे करणारा ते सगळे बदलतोच असं नाही. त्या कंपनीचं स्कॅनर असलेला माणूस दहा मिनिटांत काढून देतो.

मीटरमध्ये गडबड निघाली तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. नऊ महिने गेलेत, म्हणजे वेळ आहे. मीटर खरा निघाला तर मात्र डीलरवरचा राग सोडा. ‘एक रुपयाचं काम नाही’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक जुन्या गाडीबरोबर फुकट मिळतं, पायपुसणी मिळतात तसं.

आता खरी गोम. तुम्ही सगळीकडे ‘माझी सोळा लाखांची गाडी’ असं लिहिता आणि मग विचारता, की सोळा लाखांच्या गाडीला सहा लाखांचं काम कसं निघतं? तुमच्या दारात उभी आहे ती पंच्याहत्तर लाखांची गाडी, फक्त तिचं वय झालंय. किंमत दरवर्षी उतरत गेली, पण तिच्या सुट्या भागांची किंमत कुणी उतरवली नाही. पुढच्या चाकावर गाडीला हवेवर तोलणारा एअर सस्पेन्शनचा एक स्ट्रट घ्यायला गेलात तर दुकानदार विचारत नाही, की गाडी नव्याने घेतली होती का सेकंडहँड. मजुरीचंही तेच. पहिल्या मालकाने वापरली आणि खर्चाचा मोसम सुरू व्हायच्या आत काढली. त्याने शहाणपणा केला. किमतीतली सूट तुम्हाला मिळाली ती याचीही.

त्यामुळे सहा लाखांकडे गाडीच्या किमतीचा राहिलेला हप्ता म्हणून बघा. डोकं थोडं शांत होईल. आणि एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे. तुमची यादी तुम्ही फोटो काढून पाठवलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे मोघम बोलावं लागत नाही.

पुढचे दोन एअर स्ट्रट २,६०,०००. कॉम्प्रेसर ९०,०००. ऑइल कूलरची, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या भागाची, सील ९५,०००. गिअरबॉक्स सर्व्हिस ४५,०००. लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे) ७०,०००. ब्रेक डिस्क आणि पॅड ६०,०००. बेरीज बरोबर आहे, ६,२०,०००. वर्कशॉपने लुबाडलंय असं मला वाटत नाही. त्यांना कामाची हमी द्यायची असते, म्हणून ते शंका असलेला प्रत्येक भाग सबंध बदलायला सांगतात. पण तुम्हाला सगळं एकाच दिवशी करायचं नाहीये.

सस्पेन्शनपासून सुरू करा, कारण तिथे उशीर केला तर खर्च वाढतो. या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा असतो, त्यात कॉम्प्रेसर हवा भरतो. फुग्याला घडीच्या जागी बारीक चिरा पडल्या की रात्रभर हवा निघून जाते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसते. तुम्ही स्टार्टर मारलात की कॉम्प्रेसर धडपडून तिला उचलतो. रोज दोन मिनिटं चालायचा तो दहा मिनिटं चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. म्हणजे तुमच्या यादीतला ९०,००० चा कॉम्प्रेसर अजून मेलेला नसेलही, पण तुम्ही त्याला रोज मारताय.

आज रात्री गाडी सपाट जागी लावा. चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपने चारही कोपरे मोजा, कागदावर लिहा. सकाळी चावी लावायच्या आधी परत मोजा. डावा पुढचाच कोपरा उतरला असेल तर तोच फुगा. मग गाडी उभी राहिली की चाक पूर्ण वळवून, फवाऱ्याच्या बाटलीतून त्या रबरावर साबणाचं पाणी मारा. गळती असेल तिथे बुडबुडे धरतात, पंक्चरवाला ट्यूबमध्ये बघतो तसेच. हे सगळं वीस रुपयांत होतं. गाडी उचलून तिच्याखाली मात्र शिरू नका. हवा गेली की ती अंगावर बसते.

फुगाच असेल तर पुढची जोडी एकदम बदला, कारण उजव्याचंही वय तेवढंच आहे. नवा ओरिजिनल घ्यायची सक्ती नाही. नवं रबर चढवून, तपासून, वर्षाची हमी देऊन विकले जाणारे स्ट्रट मिळतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. कॉम्प्रेसर आधी दाब मोजून तपासायला सांगा. तो ठीक निघाला तर त्याचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, तेवढा नवा टाका, तो काही शेकड्यांत येतो. चिकटलेला रिले चांगला कॉम्प्रेसर जाळतो. कोणी ‘एअर काढून साध्या स्प्रिंगा टाकून देतो’ म्हणेल. माझं मत विचाराल तर नको. डॅशबोर्डवर कायमचा इशारा पेटत राहतो, चाल बिघडते आणि विकताना गिऱ्हाईक पळतं.

तेलाच्या गळतीत एक मजेची गोष्ट आहे, तुम्हाला आत्ता मजा वाटणार नाही तरी सांगतो. तुमच्या व्ही-सिक्स इंजिनात ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत, पार तळाशी बसवलेला आहे. त्याची सील जुनी झाली की तेल खोबणीत साचतं आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने, गिअरबॉक्सच्या सांध्यावरून खाली ठिबकतं. खालून पाहणाऱ्या फिटरला वाटतं क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलं, आणि तो गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करतो. तुमच्या वर्कशॉपने नेमकं कूलरच ओळखलं, म्हणजे तिथला माणूस जाणकार आहे. सीलची किंमत ९५,००० मधली काही हजारच. बाकी सगळी मजुरी, कारण तिथे पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागतात. म्हणून एकदा उघडलं की तिथली सगळी गॅस्केट आणि ग्लो प्लग (थंड इंजिन पेटायला मदत करणारे) त्याच मजुरीत बदलून घ्या. परत कुणी उघडायला नको.

पण हे आजच करायला हवं का? डाग म्हणजे किती? गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि दर ५०० किलोमीटरला तेलाची पातळी बघा. हजार किलोमीटरमध्ये पातळी जाणवण्याइतकी उतरत नसेल तर हे काम तीन-चार महिने थांबू शकतं. जळका वास येत असेल किंवा तेल गरम भागावर पडत असेल तर थांबू नका.

गिअरबॉक्सचं तेल करून टाका. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं पहिल्या मालकाला सांगितलं गेलं असेल. ते लाइफ कुणाचं, हे कुणी सांगत नाही. बीएमडब्ल्यूपासून लँड रोव्हरपर्यंत अनेकांना आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. तुमचा गिअरबॉक्स कुठलाही असो, दहा वर्षं झाली. हे ४५,००० वाचवायला गेलात तर पुढचं बिल बघवणार नाही.

ब्रेकच्या डिस्क मोजून घ्या. कमीत कमी जाडी किती हवी, ते डिस्कवरच कोरलेलं असतं. व्हर्नियर लावून समोर मोजून दाखवा म्हणावं. अनेकदा पॅड बदलून डिस्क वर्षभर चालतात. लोअर आर्म हवेतच, आपल्या खड्ड्यांत ते कुणाचे टिकलेत? पण ते कंपनीच्या खोक्यातलेच हवेत असं नाही. जर्मन गाड्यांचे आर्म लेमफोर्डर बनवते, फिल्टर मान आणि माहले, इंजेक्टर बॉश. तोच भाग गाडीच्या कंपनीच्या खोक्यात एका भावाने आणि बनवणाऱ्याच्या खोक्यात बऱ्याच कमी भावाने मिळतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत विचारणा करा, पार्ट नंबर चिठ्ठीवर लिहून न्या, ‘या गाडीचा आर्म द्या’ असं म्हणू नका. फक्त एअरबॅग, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कामात भंगारातला किंवा बिनानावाचा भाग घेऊ नका.

माझ्या ओळखीच्या एका जुन्या फिटरला तुमची यादी दाखवली. गाडी न बघता बोलतोय हे दोनदा सांगून तो म्हणाला, नीट बाहेरच्या गॅरेजमध्ये, चांगले भाग घालून, अडीच ते तीन लाखांत मार्गी लागावं. त्याचा आकडा प्रमाण मानू नका. पण पुण्या-कोल्हापुरात फक्त याच गाड्या करणारी गॅरेजं आहेत, त्यातल्या दोघांकडून लेखी आकडे घ्या. त्यांना एकच विचारा: या कंपनीचं स्वतःचं स्कॅनर आहे का? गाडीप्रमाणे त्याचं नाव बदलतं, मर्सिडीजसाठी झेन्ट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा. ‘आमच्याकडे सगळ्या गाड्यांचं एकच मशीन आहे’ म्हणाले तर चहा पिऊन उठा.

आता तो कंस. महिन्याला ६०० किलोमीटर.

हप्ता २४,६००. डिझेल, नऊचं ॲव्हरेज धरलं तर ६,००० च्या आसपास. विमा वर्षाला ६०,००० म्हणालात, म्हणजे महिन्याला ५,०००. आणि दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला काढायची रक्कम. या वयाच्या अशा गाडीला मी २०,००० धरतो. कुठल्या महिन्यात शून्य लागेल, कुठल्या महिन्यात दोन लाख. एकूण ५५,६०० रुपये. भागिले ६००. किलोमीटरला ९३ रुपये.

तुमच्याकडे ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने कितीला मिळते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वीस-बावीसच्या पुढे नसावी. मी हे टोचायला लिहीत नाही. शौकाला मोल असतं आणि ते देणाऱ्याने द्यावं. ज्याला रविवारी महाबळेश्वरचा घाट चढताना त्या इंजिनाचा आवाज ऐकून आठवड्याचा शीण जातो, त्याला ९३ रुपये महाग नाहीत. पण तुमच्या पत्रात तसं एकही वाक्य नाही. गाडी चालवायला आवडते असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. ‘दारात उभी असली की बरं दिसतं’ एवढंच आहे. उभ्या गाडीचं एअर सस्पेन्शन बसतं, बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात. उभं राहणं हा तिचा गुण नव्हेच.

म्हणून मित्राचं ‘एवढे घातलेत तर आणखी घाला’ मला पटत नाही. गेलेले वीस लाख दोन्ही वाटांवर गेलेलेच आहेत. आणि सहा लाख घातल्यावर ‘पाच वर्षं बघायला नको’ हे कुणी सांगितलं? मागचे फुगे आहेत, टर्बो आहे, इंजेक्टर आहेत. दहा वर्षांच्या गाडीत भाग पाळीपाळीने येतात.

एक कसोटी सुचवतो. दुरुस्तीचा मोठा निर्णय घ्यायच्या आधी वेगळं बँक खातं उघडा आणि सलग तीन महिने त्यात २०,००० टाका. हप्ता भरून, दुकानाचं येणं-देणं सांभाळून. जमलं आणि जड गेलं नाही, तर गाडी ठेवायला तुमची ऐपत आहे, खुशाल ठेवा. दुसऱ्याच महिन्यात ‘खरिपाची उधारी आली की टाकू’ असं झालं, तर उत्तर मिळालं. दरम्यान फक्त फुगे, गिअरबॉक्सचं तेल आणि ब्रेक एवढंच करा, आणि तेल मोजत राहा.

माझा कल विचाराल तर विका. पण मेव्हण्यांच्या पद्धतीने नाही. इंजिन धुऊन गळती लपवायची, फुग्यात हवा भरून संध्याकाळी गाडी दाखवायची, हे तुम्हाला त्या दिल्लीच्या डीलरच्या पंगतीत नेऊन बसवतं. ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणं ही भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ पासून, फसवणूकच आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते तोट्याचं. या गाड्या घेणारा शहाणा गिऱ्हाईक स्कॅनरवाला घेऊनच येतो. त्याच्यासमोर बिलांची फाइल ठेवा: हे फुगे अमुक तारखेला बदलले, हे गिअरबॉक्सचं तेल, ऑइल कूलर गळतोय आणि त्याचं हे एस्टिमेट, तेवढे किमतीतून कमी धरा. असा विकणारा त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो. लगेच हो म्हणेल असं नाही, पण परत फोन करतो.

भाव कमीच येईल, मनाची तयारी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० वर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्या आणखी उतरतात. कर्ज तुमचं साडेसात लाखांच्या आसपास शिल्लक असेल. आधी बँकेकडून ते बंद करायचा नेमका आकडा घ्या, मुदतीआधी फेडण्याचा आकार किती तेही विचारा. बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाव बदलायचे २९ आणि ३०. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. ‘डीलर करून घेईल’ म्हणून सोडलेल्या गाड्यांची चलनं लोकांना वर्षानुवर्षं येत राहतात.

राहिला गावाचा प्रश्न. गाडी आली तेव्हा पेढे वाटलेत आणि आता तोंड कसं दाखवू, असं तुम्ही विचारता. गावाला तुमच्या गाडीत रस आहे, तो साधारण आठवडाभर असतो. ऊस कारखान्याला जायला लागला की विषय बदलतो. मला काळजी गावाची नाही, घराची आहे. तुम्हीच लिहिलंय, की दुकानाचं टॅली पत्नी बघतात. म्हणजे खात्यातून सहा लाख गेलेले त्यांना कळणारच, प्रश्न फक्त तुमच्या तोंडून की बँकेच्या एसएमएसवरून, एवढाच. ‘नवी इनोव्हा का नाही बघत’ असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि तेच त्या परत म्हणतील या भीतीने तुम्ही गप्प आहात. म्हणू द्या. त्यांचं बरोबर होतं. एस्टिमेटचा कागद, टेपने मोजलेले आकडे आणि वरचा ९३ रुपयांचा हिशेब समोर ठेवा. जी बाई खत कंपन्यांच्या स्कीमचा हिशेब लावते, तिला हे तुमच्यापेक्षा लवकर उमगेल.

याच वाटेवर निघालेले आणखी काही वाचक अधूनमधून लिहितात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा, की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड इंजिनचा पहिला आवाज ऐकायचा असतो. काही डिझेल इंजिनांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या एन ५७ मध्ये, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ राखणारी साखळी, मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती वाजायला लागली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत तिथे चिखलाची रेष राहते. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ व्हायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. ज्यांचं रोजचं जाणं-येणं चार किलोमीटरचं, त्यांनी डिझेलच्या नादी लागू नये.

विम्याचं बघा. पाच वर्षांवरच्या गाडीला झिरो डेप (भागांची घट न कापता भरपाई देणारं संरक्षण) सहसा सहज मिळत नाही, आणि ते नसेल तर रबर, प्लास्टिक, बॅटरीच्या क्लेममध्ये निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. इंजिनात पाणी शिरण्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करून घ्या, ‘पॉलिसी चालू आहे’ यावर विसंबू नका.

मी स्वतः एकदा जुनी परदेशी सेदान घेतली होती. पहिल्या पावसात मागच्या सीटखाली ओल आली, दुसऱ्या आठवड्यात गाडीने चावी ओळखणं सोडलं. सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या चार बारीक नळ्या असतात. आमच्या दारातल्या गुलमोहराच्या पाकळ्यांनी त्या तुंबल्या, पाणी आत उतरलं आणि सीटखालचं कंट्रोल युनिट बुडालं. बिल झालं एक लाख चाळीस हजार. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी त्या नळ्यांतून मेमध्ये एकदा फिरवली असती तर झालं असतं. ज्यांच्या गाडीला सनरूफ आहे त्यांनी ती दोरी आणून ठेवा.

आणि तुम्ही, डीलरचा तो व्हॉइस मेसेज पुसू नका. मीटरच्या नोंदी हातात येईपर्यंत तो फोनमधून दुसरीकडेही उतरवून ठेवा.